शेवटच्या नळापासून सुरुवात करा

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, आमचं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. हातपंपाचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. दूरच्या धरणावरून योजनेचं पाणी येतं, पण बारा दिवसांनी एकदा, तेही तासभर. ते टाकीत, ड्रमात भरून ठेवतो. शेवटच्या दिवसांत त्याला वास मारतो. ग्रामपंचायतीनं आरओ बसवला आणि एकाला चालवायला दिला. वीस लिटरचे दहा रुपये. तोही मधूनमधून बंद असतो. सासऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलंय. जाऊबाईंचं बाळ चार महिन्यांचं आहे. घरात आम्ही मोठी माणसं सहा. आम्ही बचत गटाच्या बाया सरपंचांकडे गेलो, तर ते म्हणाले, “आरओ लावून देलं ना गावात, आता आनखीन काय पायजे?” सरपंच आमच्या भावकीतलेच. घरचे म्हणतात, गप्प बस, उगाच वाकडं येईल. मी शिवणकाम करते, अर्ध्या गावाशी माझा संबंध. गायरानावर वीस-पंचवीस घरं आहेत, त्यांना तर नळच नाही. पण ते अतिक्रमणात आहेत, त्यांचं काही होणार नाही असं सगळे म्हणतात, तेव्हा तो प्रश्न वेगळा. माझं विचारणं एवढंच: चांगलं पाणी हा आमचा हक्क आहे का, की मिळतंय ते गोड मानून घ्यायचं? आणि हक्क असेल तर माझ्यासारख्या साध्या बाईनं काय करायचं?

प्रिय ताई,

हक्काचं बोलण्याआधी घरातलं बोलू, कारण बाळ आणि सासरे गावाच्या ठरावाची वाट बघत थांबू शकत नाहीत.

खारं पाणी उकळून गोड होत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार तिथंच राहतात. उलट पाणी आटतं तसे त्यातले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट सगळं दाट होत जातं. म्हणून हातपंपाचं पाणी उकळून बाळाला दिलं तर चालेल, असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, पाण्याचा थेंबही नाही, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. वरचं दूध द्यायची वेळ आलीच असेल, तर ते कोणत्या पाण्यात कालवलं जातंय याची आधी खात्री करा. पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल तर तान्ह्या बाळाच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम बिघडतं, बाळ निळसर पडतं. हे नायट्रेट चवीला कळत नाही, वासाला कळत नाही. तपासणीतच कळतं.

सासऱ्यांबद्दल. तुमच्या भागात किडनीच्या आजाराचं खापर सरसकट खाऱ्या पाण्यावर फोडलं जातं. खारं, कठीण पाणी वर्षानुवर्षं पिणं चांगलं नाहीच. पण क्रिएटिनिन वाढण्यामागे मधुमेह असतो, रक्तदाब असतो, आणि गावोगाव गुडघेदुखीसाठी खाल्ल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही असतात. पाण्याला दोष देऊन या तीन गोष्टी तपासायच्या राहून जाऊ नयेत. डॉक्टरांकडे जाताना ते पितात त्या पाण्याचा तपासणी अहवाल आणि घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, दोन्ही सोबत न्या.

आणि ड्रम. योजनेचं पाणी तुमच्या नळाला येतं तेव्हा कदाचित चांगलं असेलही, पण बाराव्या दिवशी त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो. पिण्याचं पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात ठेवा, हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायचं क्लोरीनचं औषध, मागून घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. आरओच्या पाण्यालाही हे लागू आहे. आरओत क्षार निघून जातात तसा क्लोरीनही निघून जातो, मग न धुतलेल्या जारमध्ये ते पाणी दोन दिवस राहिलं की त्यात काय वाढेल याचा नेम नाही. काही जण दोनशे-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर आणून आकडा दाखवतात आणि पाणी शुद्ध म्हणतात. ते मीटर विरघळलेल्या क्षारांची एकूण बेरीज सांगतं. जंतू आहेत की नाहीत, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, यातलं काहीच ते सांगत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. होय, हक्क आहे.

राज्यघटनेत ‘पाण्याचा हक्क’ अशा नावाचं वेगळं कलम नाही, हे खरं. पण कलम 21 जगण्याचा हक्क देतं, आणि प्रदूषणमुक्त पाणी हा त्या जगण्याचाच भाग आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात म्हटलं. त्यानंतर देशभरच्या न्यायालयांनी हेच सूत्र पुन्हा पुन्हा उचललं. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बोलिव्हियानं मांडलेला ठराव मंजूर करून स्वच्छ पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना मानवी हक्क म्हटलं. बाजूनं 122 देश होते, त्यात भारत होता. पिण्याचं पाणी हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवलेल्या कामांतही आहे. म्हणजे तुमचे सरपंच तुम्हाला पाणी देतात ते मेहेरबानी म्हणून नव्हे. ते त्यांच्या खुर्चीचं काम आहे.

हक्क म्हणजे फुकट, असं मात्र समजू नका. पाणीपट्टी भरा आणि पावती जपून ठेवा. उद्या कार्यालयात उभं राहाल तेव्हा पहिला प्रश्न थकबाकीचाच येईल, आणि ती पावती तुमच्या हातात असली की तिथली अर्धी टोलवाटोलवी तिथंच थांबते.

“आरओ आहे ना” या उत्तराचं काय करायचं, ते सांगते. जल जीवन मिशन 2019 साली सुरू झालं तेव्हा नळजोडणी कशाला म्हणायचं हेही ठरलं: दर माणशी दररोज किमान 55 लिटर, पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 मध्ये बसेल अशा गुणवत्तेचं, आणि नियमित. तिन्ही हवं. ज्या गावांत पाणीच खराब आहे तिथं नळाचं चांगलं पाणी पोचेपर्यंत पिण्या-स्वयंपाकापुरतं माणशी 8 ते 10 लिटर पाणी सामूहिक शुद्धीकरण यंत्रातून द्यावं, अशी मुभा त्यात ठेवली. तुमच्या गावातला आरओ या जागी बसतो. ती मधल्या काळाची सोय आहे. ती आहे म्हणून नळाची जबाबदारी संपत नाही.

आणि नळाचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. पुढच्या वेळी पाणी सुटेल तेव्हा वीस लिटरची बादली नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. समजा ती दोन मिनिटांत भरली. म्हणजे तासाला 600 लिटर. बारा दिवस, सहा माणसं: माणशी रोजचे साधारण सव्वाआठ लिटर. कुठे 55 आणि कुठे आठ! हा आकडा, तारीख आणि वेळ एका वहीत लिहा. शेजारच्या चार घरांतही लिहायला सांगा, वेगवेगळ्या आळ्यांतल्या. “पाणी कमी येतं” ही तक्रार झाली, ती ऐकून सोडून देता येते. “अमुक तारखेला सकाळी सहा ते सात, माणशी आठ लिटर” ही नोंद झाली, तिला उत्तर द्यावं लागतं.

इथे मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी भांडायचं आहे. गायरानावरच्या घरांचा “प्रश्न वेगळा” असं तुम्ही लिहिलंत. ताई, तो वेगळा नाही. माझ्या मते तुमच्या कामाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

एक तर कायदा त्या घरांच्या बाजूनं किती आहे, हे गावाला माहीत नाही. मुंबईत नियम असा होता की अमुक तारखेनंतरच्या झोपडीला महापालिकेचं पाणी नाही. आधी ती तारीख 1995 ची होती, पुढे 1 जानेवारी 2000 झाली. पाणी हक्क समिती या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयानं सांगितलं की घर बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महापालिकेला धोरण आखायला लावलं. त्याच निकालात असंही म्हटलं की अशा रहिवाशांना कायदेशीर घरांतल्या लोकांच्या बरोबरीनं पाणी मागता येणार नाही, त्यांना जास्त दर लावता येईल. निकालाचा हा अर्धा भाग मला आजही पटत नाही. ज्याची कमाई सर्वांत कमी त्याला पाणी सर्वांत महाग, हे चूक आहे. पण पहिला अर्धा भाग तुमच्या गायरानाला पुरेसा आहे. मुंबई महापालिकेला 2022 साली ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणावं लागलं, ते याच लढ्याच्या पोटातून आलं. आणि कलम 21 मुंबईत वेगळं आणि अकोल्यात वेगळं नसतं.

अर्ज करताना एक काळजी घ्या. जागेचा दावा आणि पाण्याची मागणी एका कागदात मिसळू नका. गायरानावरच्या अतिक्रमणाचा वाद मोठा आहे, त्यावर न्यायालयांचे कडक आदेशही आहेत, आणि तो तुमच्या अर्जानं सुटणार नाही. “ही घरं नियमित करा” असं लिहिलंत की अर्ज महसूल खात्याच्या फायलीत जाऊन बसेल. “या वस्तीसाठी सार्वजनिक नळ द्या, तोवर टँकर किंवा आरओचं पाणी द्या” एवढंच लिहा. तिथली मुलं अंगणवाडीत, शाळेत जातात, माणसं मतदार यादीत आहेत. ग्रामपंचायतीला ती माणसं माहीतच नाहीत, असं कुणी म्हणू शकणार नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पाणीपुरवठ्याची खरी परीक्षा शेवटच्या नळावरच होते, आणि गायरानाला नळ मिळाला तर तो बहुधा शेवटचाच असेल. टाकीजवळच्या नळाला दाब असतो, क्लोरीनही असतो. पाइप जसजसा पुढे जातो तसतसा दाब उतरतो, क्लोरीन खर्च होतो, आणि लाइन रिकामी असताना गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून तर गावच्या जलसुरक्षकानं ओटी टेस्ट पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या अशा नळांवर करायची असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. शेवटच्या नळावरही लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन राहायला हवा. पहिल्या नळावर रंग आला म्हणून सगळ्या गावाची नोंद “योग्य” अशी होत असेल, तर ती नोंद खोटी आहे. शेवटच्या घराला चांगलं पाणी मिळालं तर मधल्या प्रत्येकाला मिळालेलंच असतं. उलट खरं नसतं.

तिसरं कारण आपल्या इतिहासातलं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद दोन्ही झाले, पण तळ्यावर पाणी भरायला कुणाला जाता आलं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. लगेच मारहाण झाली. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला 1937 उजाडलं. त्या लढ्याचं पाणी आज राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये आहे: विहिरी, तलाव, घाट यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात पाण्याच्या हक्काची गोष्ट गावाबाहेर ठेवलेल्या माणसांनी सुरू केली. गायरानावरच्या वस्तीला वगळून तुम्ही ती पुढे नेऊ शकत नाही. आणि त्या वस्तीतल्या कुणाला हातपंपावर, आरओवर जातीवरून हटकलं जात असेल, तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथं समजुतीची भाषा नको, पोलीस ठाणं.

आता कामाचं. सगळ्यात आधी पाणी तपासून घ्या, कारण अहवालाशिवायचं बोलणं हवेत जातं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, तिथं माफक शुल्कात गावकऱ्यांचे नमुनेही तपासतात. आधी जाऊन जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मागून आणा. ती बाटली विसळायची नाही, तिच्या तोंडाला आतून बोट लावायचं नाही. नळ थोडा वेळ वाहू द्यायचा, मग भरायची, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. क्षारांच्या तपासणीसाठी लिटरभराचा स्वच्छ कॅन, तो मात्र त्याच पाण्यानं तीनदा विसळून. नमुने निदान तीन घ्या: तुमचा नळ, आरओ, आणि गायरानवाले पितात तो हातपंप. कॅनवर जागा, तारीख, वेळ. अहवालात (लिटरला मिलिग्रॅममध्ये) टीडीएस 2000 च्या वर, फ्लोराइड 1.5 च्या वर किंवा नायट्रेट 45 च्या वर दिसलं, तर ते पाणी पिण्यायोग्य नाही. मग कुणी कितीही म्हणो, “आमचे आजे-पणजे हेच प्यायले.”

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद. मागा: गेल्या दोन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल, टीसीएल पावडरीची (पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीची) खरेदी आणि साठा नोंदवही, आरओ चालवायला दिल्याचा करारनामा, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य यादी आणि सभांचं इतिवृत्त. या समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. बऱ्याच गावांत बायांची नावं समितीवर असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. यादी हातात आली की कदाचित तुमच्याच गटातली एखादी सदस्य निघेल. टीसीएलची नोंदवही नीट बघा. हजार लिटरला पाच ग्रॅम हे साधारण प्रमाण. गावाच्या टाकीची क्षमता ठाऊक असेल तर वर्षाला किती किलो पावडर लागायला हवी होती आणि किती घेतली, हे बोटावर काढता येतं. शिवाय उघड्या पोत्यात, ओलीत ठेवलेल्या पावडरीचा जोर जातो. ती टाकली काय आणि न टाकली काय. आरोग्य खातं गावाच्या पाण्याची पाहणी करून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं, तेही विचारा. तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि का, हे प्रत्येक घराला कळायला हवं.

भावकीचं. तुमच्या घरच्यांची भीती खोटी नाही. शिवणकामावर घर चालतं, गिऱ्हाईक तुटलं तर दुखतं. म्हणून हे एकटीनं करू नका आणि माणसावर करू नका. कागदात सरपंचांचं नाव कुठंही नको, “ग्रामपंचायत” लिहा. अर्जावर बचत गटांतल्या, सगळ्या आळ्यांतल्या बायांच्या सह्या घ्या, एकाच घरच्या किंवा एकाच गटाच्या नकोत. सरपंचांकडे आधी घरी जा, कार्यालयात नको. त्यांना म्हणा: “भाऊजी, आम्हाला तुमच्याशी वाद घालायचा नाही. पाणी वरून कमी येत असेल तर तसं ग्रामपंचायतीनं जिल्हा परिषदेला लिहावं, आम्ही सगळ्या तुमच्यामागे सह्या देतो.” हे नुसतं गोड बोलणं नाही. प्रादेशिक, म्हणजे अनेक गावांना मिळून पाणी देणाऱ्या, योजनेच्या गावात पुष्कळदा सरपंचाचेही हात बांधलेले असतात. वरून किती सोडायचं ते योजना ठरवते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा मिळून शेकडो गावं याच खाऱ्या पाण्यावर आहेत, जमिनीखालीच खार आहे, तो तुमच्या सरपंचांनी आणलेला नाही. त्यांना साथ द्यायची संधी द्या. ती त्यांनी नाकारली, तर मग तुमच्याकडे कागद आहेतच. घरच्यांनाही एवढं सांगा की बाळाच्या पाण्याबद्दल विचारणं म्हणजे भावकीशी वैर नव्हे.

खरी जागा ग्रामसभा. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तो कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती नुसती रजिस्टरवर होते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) तारीख लेखी विचारा आणि पोच घ्या. प्रत्येक कागदाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो.

यातून काही हललं नाही तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे कार्यकारी अभियंता. त्यापुढची वाट फार कमी लोकांना ठाऊक आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याच कायद्याखाली स्थायी लोकअदालत आहे, तिच्या कक्षेत पाणीपुरवठ्यासारख्या लोकोपयोगी सेवा येतात. कोर्ट फी नाही. आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, तडजोड झाली नाही तर ती स्वतः निर्णयही देऊ शकते. तुमच्या जिल्ह्यासाठी ती कुठे भरते, हे प्राधिकरणातच विचारा. उच्च न्यायालय त्यानंतर. तिथं एका गावानं जाण्यापेक्षा त्याच योजनेवरच्या आठ-दहा गावांनी मिळून गेलेलं बरं, आणि ती गावं शोधायला आतापासून लागा. माहेर, नणंद, बहीण यांच्या गावांतून ती सापडतील.

महिला सभेसाठी ठरावाचा मसुदा देते. तो आधी लिहून न्या, वाचून दाखवा, इतिवृत्तात शब्दशः घ्यायला लावा आणि ग्रामसभेपुढे ठेवायला सांगा.

“गावातील पिण्याच्या पाण्याचा पुरवठा सध्या बारा दिवसांनी एकदा होत असून सोबत जोडलेल्या नोंदींप्रमाणे तो दरडोई 55 लिटरपेक्षा फार कमी आहे. सबब ही सभा ठराव करते की, (अ) दरडोई 55 लिटर पाणी नियमित मिळावे यासाठी ग्रामपंचायतीने योजनेकडे व जिल्हा परिषदेकडे पंधरा दिवसांत लेखी मागणी करून तिची प्रत सूचना फलकावर लावावी. (ब) गायरानावरील वस्तीसाठी सार्वजनिक नळ द्यावा आणि तो होईपर्यंत तेथे दररोज शुद्ध पाणी पोचवावे. (क) क्लोरीनची तपासणी प्रत्येक पुरवठ्याच्या दिवशी शेवटच्या नळावर, दोन महिलांच्या उपस्थितीत करून नोंदवहीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात. (ड) आरओ यंत्राच्या पाण्याची तपासणी दर तीन महिन्यांनी करून अहवाल यंत्राशेजारी लावावा, आणि यंत्र बंद पडल्यास दोन दिवसांत दुरुस्त करण्याची अट चालकाच्या करारात घालावी.”

सूचक म्हणून तुमचं नाव असू द्या. अनुमोदक मात्र गायरानावरच्या वस्तीतली बाई हवी. सभेच्या आदल्या दिवशी तिच्याकडे जा, ठराव वाचून दाखवा, तिला त्यात काही बदलायचं असेल तर बदला, आणि सभेला तिला सोबत घेऊन या.